पाण्यावरचा विमानतळ : उडत्या नौकांचा उदय आणि अस्त

ग्वाल्हेरचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात काही ठरावीक चित्रे उभी राहतात. डोंगरमाथ्यावर पसरलेला तो अजस्र किल्ला, तानसेनाची समाधी, ख्यालगायकीचे आद्य घराणे आणि शिंदे सरकारांच्या छावणीतून वाढलेले, मराठी बोलणारे ‘लष्कर’. या चित्रांत विमानाला सहसा स्थान नसते. आणि नौकेला तर नसतेच नसते. कारण ग्वाल्हेरपासून समुद्र शेकडो मैल दूर. असे असूनही १९३८ साली इंग्लंडमधील साउदॅम्प्टन बंदरातून ऑस्ट्रेलियातील सिडनीपर्यंत जाणाऱ्या प्रवासी विमानांच्या थांब्यांची यादी पाहिली, तर कराची आणि कलकत्ता यांच्या मध्ये तीन नावे आढळतात : राजसमंद, ग्वाल्हेर आणि अलाहाबाद. ग्वाल्हेरला ही विमाने कोणत्याही मैदानावर उतरत नसत. ती उतरत माधोसागर नावाच्या जलाशयावर. नौका म्हणून पाण्यावर टेकत आणि विमान म्हणून पुन्हा आकाशात चढत.

भूप्रदेशाच्या ऐन मध्यभागी असलेल्या या शहराला अशा विमानांचे बंदर होण्याचा योग का आला आणि तो अल्पकाळातच का सरला, हा प्रश्न केवळ स्थानिक कुतूहलाचा नाही. त्याच्या उत्तरात विमानविद्येच्या इतिहासातील एक संपूर्ण अध्याय सामावलेला आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पाण्यावर उतरणारी विमाने दोन प्रकारची असतात. साध्या विमानाची चाके काढून त्यांच्या जागी दोन पोकळ तरंडे बसविले, की पहिला प्रकार सिद्ध होतो. दुसऱ्या प्रकारात विमानाचे धड हेच नौकेचे धड असते. खालची बाजू जहाजाच्या तळासारखी बांधलेली, वरच्या बाजूला पंख आणि इंजिने. यालाच उडती नौका म्हणत. मोठे विमान बांधावयाचे तर हा दुसरा प्रकारच सोयीचा ठरे. ग्वाल्हेरच्या पाण्यावर उतरणारी विमाने याच जातीची होती.

पाण्यावरून उडण्याचा पहिला यशस्वी प्रयोग फ्रान्समधील आंरी फाब्र याने २८ मार्च १९१० रोजी केला. अमेरिकेतील ग्लेन कर्टिस याने १९१२ मध्ये खऱ्या अर्थाने उडती नौका म्हणता येईल असे विमान उडविले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १ जानेवारी १९१४ रोजी, फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग आणि टँपा या दोन गावांमध्ये खाडीवरून एक नियमित सेवा सुरू झाली. वैमानिक होता टोनी जॅनस. पहिल्या फेरीतील एकमेव जागेचा लिलाव झाला आणि शहराच्या माजी महापौरांनी ती ४०० डॉलरला घेतली. प्रवास २३ मिनिटांचा होता. पुढे तिकिटाचा दर ५ डॉलर ठेवण्यात आला. ही सेवा अवघे चार महिने टिकली. परंतु ठरलेल्या वेळी ठरलेल्या भाड्यात विमानाने प्रवासी नेण्याचा जगातील पहिला मान तिच्याकडे जातो. प्रवासी विमानवाहतुकीचे पहिले पाऊल जमिनीवर नव्हे, तर पाण्यावर पडले, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

असे का व्हावे? त्या काळी विमानतळ म्हणजे बहुधा एक सपाट कुरण असे. विमाने हलकी होती तोवर ते चालून जाई. परंतु विमानाचे वजन वाढू लागले आणि कच्च्या जमिनीचे दोष उघडे पडले. पावसाळ्यात तर विचारावयासच नको. याचे उदाहरण दूर शोधण्याचे कारण नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन मुंबईत जुहूला विमान उतरविले आणि भारतीय हवाई टपालवाहतुकीचा पाया घातला. पण हे जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने भरून जाई आणि तेवढ्या महिन्यांपुरता टाटांना आपला मुक्काम पुण्याला हलवावा लागे. एकदोन माणसांच्या छोट्या विमानाची ही कथा. मग पंधरा-अठरा टनांचे अवजड विमान अशा भूमीवर उतरविण्याचा विचार कोण करणार? काँक्रीटच्या लांबलचक धावपट्ट्या बांधण्यास अमाप पैसा हवा होता आणि आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या मार्गावर तो खर्चण्यास कोणीही तयार नव्हते. पाणी मात्र सर्वत्र होते. ते सपाट करावे लागत नाही, त्यावर खडी पसरावी लागत नाही, आणि वाऱ्याची दिशा बदलली तर त्याच पाण्यावर हव्या त्या दिशेने धावता येते. निसर्गाने घडविलेला हा विमानतळ फुकट मिळत होता.

अर्थात पाण्यावरून उडणे हे दिसते तितके सोपे नसते. पाणी आपल्यावर बसलेल्या वस्तूस सहजी सोडत नाही. त्यासाठी उडत्या नौकेच्या तळाला मध्यावर आडवी पायरी ठेवलेली असते. वेग वाढू लागला की नौकेचा पुढचा भाग वर येतो, तळाखालून वाहणारे पाणी या पायरीपाशी तुटते, तेथे हवा शिरते आणि मागच्या भागाची पाण्याशी चिकटलेली मिठी सुटते. मग नौका पाण्यात न राहता पाण्यावर घसरू लागते आणि क्षणात हवेत उठते. पंख धडाच्या माथ्यावर बसविण्याचे कारणही हेच, की पंख्यांच्या पात्यांना पाण्याच्या तुषारांचा मारा लागू नये. पाण्याचा थेंब मऊ असला तरी वेगाने फिरणाऱ्या धातूच्या पात्याला तो वाळूच्या कणाप्रमाणे झिजवितो.

हिंदुस्थानचा आणि उडत्या नौकांचा पहिला संबंध १९२९ साली आला. त्या वर्षी ३० मार्चला इंग्लंडच्या इंपीरियल एअरवेज कंपनीने लंडन ते कराची अशी सेवा सुरू केली. हा प्रवास आज गमतीचा वाटेल. क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधील बाझेल, तेथून आगगाडीने इटलीतील जिनोआ, जिनोआहून उडत्या नौकेने भूमध्यसमुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया आणि पुढे कैरोहून जमिनीवरच्या विमानाने कराची. सारा प्रवास सात दिवसांचा. भूमध्यसमुद्रावरील या नौकांच्या जातीला ‘कलकत्ता’ असे नाव होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांपैकी ‘सिटी ऑफ रोम’ ही नौका वादळात सापडून इटलीच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रावर उतरली आणि बुडाली. तिच्यातील सातही माणसे गेली. नौका म्हणविणाऱ्या विमानालाही समुद्र नेहमीच आश्रय देतो असे नाही, हा धडा आरंभीच मिळाला होता.

पुढील मोठे पाऊल पडले ते टपालामुळे. ब्रिटिश सरकारने १९३४ च्या अखेरीस अशी योजना जाहीर केली, की साम्राज्यातील पहिल्या दर्जाचे सर्व टपाल जादा आकार न घेता विमानाने न्यावयाचे. अर्ध्या औंसाच्या पत्राला इंग्लंडमध्ये फक्त दीड पेनी पडणार होती. एवढे टपाल वाहून नेण्यास मोठी विमाने हवी होती. इंपीरियल एअरवेजने शॉर्ट ब्रदर्स या कारखान्याकडे एकदम अठ्ठावीस उडत्या नौकांची मागणी नोंदविली. तीही एकसुद्धा नौका तयार होऊन उडण्यापूर्वी, केवळ कागदावरील आराखड्यावर विश्वास ठेवून. अभियंता होते आर्थर गूज. पहिली नौका ‘कॅनोपस’ जुलै १९३६ मध्ये रॉचेस्टर येथे मेडवे नदीवरून आकाशात गेली. या जातीच्या बहुतेक नौकांची नावे इंग्रजीतील एकाच आद्याक्षरावरून ठेवण्यात आली : कॅलेडोनिया, सेंटॉरस, कॅसिओपिया, कोरिओ, सर्सी.

त्या काळाच्या मानाने ही नौका म्हणजे एक नवलच होते. पंखांचा विस्तार ११४ फूट, लांबी ८८ फूट, भरलेल्या नौकेचे वजन सुमारे १८ टन आणि प्रत्येकी सुमारे ९०० अश्वशक्तीची चार इंजिने. तासाला सुमारे १६५ मैलांचा प्रवासवेग. आत दोन मजले. वरच्या मजल्यावर वैमानिकांची जागा आणि टपालाची कोठी. खालच्या मजल्यावर प्रवाशांची दालने. धूम्रपानाची खोली निराळी. एका दालनात तर खिडक्यांपाशी कठडा बसविलेला, म्हणजे प्रवाशाने उठून उभे राहावे, कठड्यावर कोपरे टेकावीत आणि खाली सरकणारी भूमी न्याहाळावी. विमान फार उंचावरून जात नसल्यामुळे खाली नदी, गाव, शेत सारे स्पष्ट दिसे. मूळ योजना चोवीस प्रवाशांची होती. पण टपालाचा भार इतका वाढला, की प्रत्यक्षात बहुधा सतराच प्रवासी घेण्यात येत. या एका आकड्यात या विमानांचे खरे स्वरूप दिसते. मखमली खुर्च्यांचा बोलबाला कितीही झाला, तरी नौका पोसली जात होती ती पत्रांच्या थैल्यांवर.

हिंदुस्थानासाठी ही टपालयोजना २३ फेब्रुवारी १९३८ रोजी लागू झाली. त्याच वर्षीच्या जुलैत साउदॅम्प्टन ते सिडनी असा उडत्या नौकांचा सलग मार्ग प्रवाशांना खुला झाला. सारा प्रवास साडेनऊ दिवसांच्या आसपास. पूर्वी विलायतेचे पत्र बोटीने मुंबईस येण्यास सुमारे दोन आठवडे लागत. आता कराची तीन-चार दिवसांच्या अंतरावर आली. परदेशी शिकावयास गेलेल्या मुलाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या घरांमध्ये या फरकाचे मोल किती होते, हे आकड्यांनी सांगण्याची गरज नाही. पत्र लिहावे, ते पोहोचावे, उत्तर यावे, या साऱ्याला पूर्वी महिना जाई. आता पंधरवडाही लागेनासा झाला. आजारपणाचे वर्तमान, परीक्षेचा निकाल, पैशांची निकड या गोष्टी शिळ्या होण्यापूर्वी कळू लागल्या.

आता ग्वाल्हेरकडे वळू. १९३३ पासून कराची ते कलकत्ता असा जमिनीवरील विमानांचा मार्ग होता आणि तो जोधपूर, दिल्ली, कानपूर, अलाहाबाद असा जाई. उडत्या नौका आल्या आणि त्यांच्यासाठी वेगळी वाट आखावी लागली. त्यांना एका दमात सात-आठशे मैलांपेक्षा फार पुढे जाता येत नसे आणि टपालाचा भार अधिक असला, की इंधन कमी घ्यावे लागे. म्हणून ठरावीक अंतरांच्या टप्प्यांवर खोल, लांब आणि निर्वेध पाणी शोधणे भाग होते. पश्चिम आशियात गालिलीचे सरोवर आणि इराकमधील हब्बानियाचे सरोवर अशीच कामी आली. कराचीत कोरंगीची खाडी होती, कलकत्त्यास हुगळी होती. प्रश्न होता तो मधल्या कोरड्या मुलखाचा. तेथे निसर्गाने सरोवरे दिली नव्हती. परंतु राजांनी बांधली होती.

मेवाडातील राजसमंद हा तलाव महाराणा राजसिंहाने सतराव्या शतकात बांधविला. ग्वाल्हेरची जलसंपत्ती त्या मानाने अलीकडची. माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत, म्हणजे १९२५ पर्यंतच्या काळात, ग्वाल्हेर संस्थानाने तलाव, बंधारे आणि कालवे यांवर विशेष लक्ष दिले. सांक नदीवरील तिघरा येथील धरण हे त्या धोरणाचे प्रसिद्ध उदाहरण. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुण्याजवळ खडकवासल्यास जे स्वयंचलित दरवाजे प्रथम बसविले, तशाच दरवाजांची योजना पुढे तिघऱ्यास करण्यात आली. १९१७ च्या ऑगस्टमध्ये पायाखालच्या वालुकाश्मात पाणी शिरून हे धरण फुटले आणि मोठा अनर्थ झाला. तरीही ते काम सोडून न देता धरण पुन्हा उभारण्यात आले. पाण्यासाठी इतका आग्रह धरणाऱ्या संस्थानात माधवरावांचे नाव धारण करणारा माधोसागर हवाई मार्गावरील थांबा झाला, तेव्हा गादीवर जिवाजीराव शिंदे होते. ज्या पाण्याचा संचय पिकांसाठी आणि माणसांच्या तहानेसाठी केला, त्याचा उपयोग लंडन-सिडनी मार्गावरील विमानांना होईल, असे बांध घालणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल. दिल्लीला वगळून जागतिक हवाई मार्ग ग्वाल्हेरहून गेला, तो ग्वाल्हेरच्या राजकीय वजनामुळे नव्हे, पाण्यामुळे.

पाण्यावरचा विमानतळ फुकट मिळतो असे वर म्हटले, त्याला येथे थोडी पुरवणी जोडली पाहिजे. पाणी फुकट असले तरी ठाणे फुकट नसते. नौका उतरण्यापूर्वी यांत्रिक होडीने सारा धावमार्ग तपासून घ्यावा लागे. कारण पाण्यात तरंगणारा एखादा ओंडकासुद्धा पत्र्याचा तळ फाडण्यास पुरेसा होता. उतरलेली नौका बांधण्यासाठी नांगरलेली पिंपे लागत. पेट्रोल होडीतून न्यावे लागे, प्रवासी होडीतून आणावे लागत, टपालाच्या थैल्या होडीतूनच चढवाव्या लागत. वारा मुळीच नसला तर निराळीच अडचण. आरशासारख्या निश्चल पाण्याकडे वरून पाहिले, की आपण किती उंचीवर आहोत हे वैमानिकास कळत नाही. तेव्हा होडी फिरवून मुद्दाम लहरी उठवाव्या लागत. उन्हाळ्यात मध्यभारताची तापलेली हवा विरळ होते आणि अशा हवेत पंखांना उचल कमी मिळत असल्यामुळे नौकेला अधिक लांब धावावे लागते. आणि नेमक्या त्याच दिवसांत तलावाचे पाणी आटून धावेची जागा आखूड होते. ग्वाल्हेरसारख्या ठाण्याचे हे स्वाभाविक दुखणे होते. शिवाय बहुतेक उड्डाणे दिवसाच करावयाची असल्यामुळे संध्याकाळी प्रवाशांना उतरवून त्यांच्या मुक्कामाची सोय करावी लागे.

धोकेही कमी नव्हते. महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच या ताफ्यातील किमान आठ नौका अपघातांत नष्ट झाल्या. ‘सिग्नस’ डिसेंबर १९३७ मध्ये इटलीतील ब्रिंडिसी बंदरात गेली. ‘कॅल्पर्निया’ नोव्हेंबर १९३८ मध्ये हब्बानिया सरोवराशी. ‘सेंच्युरियन’ १२ जून १९३९ रोजी कलकत्त्यास हुगळीवर उतरताना. ‘कॉर्सेअर’ या नौकेची कथा मात्र वेगळी आहे. १९३९ च्या मार्चमध्ये वाट चुकून आणि इंधन संपत आल्यामुळे ती आफ्रिकेत बेल्जियन काँगोतील एका लहानशा नदीवर उतरली. माणसे वाचली, पण नौका अडकली; कारण उतरण्यास पुरलेली नदी उडण्यास पुरेना. शेवटी नदीला बांध घालून पाणी तुंबविण्यात आले आणि सुमारे दहा महिन्यांनी, जानेवारी १९४० मध्ये, ‘कॉर्सेअर’ तेथून बाहेर पडली. एका विमानासाठी नदी अडवावी लागली. उडत्या नौकेचे सारे सामर्थ्य आणि सारे परावलंबन या एका प्रसंगात दिसून येते.

इतर देशही याच वाटेने चालले होते. जर्मनीच्या ‘डॉर्निए डो-एक्स’ या बारा इंजिनांच्या प्रचंड नौकेने ऑक्टोबर १९२९ मध्ये १६९ माणसांना घेऊन उड्डाण केले होते. अमेरिकेच्या पॅन अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर १९३५ मध्ये ‘चायना क्लिपर’ या नौकेतून सॅन फ्रॅन्सिस्को ते मनिला हे प्रशांत महासागरावरील टपाल सुरू केले आणि १९३९ मध्ये बोइंग कंपनीच्या नौकांनी अटलांटिकवर नियमित प्रवासी नेले. मोठे विमान म्हणजे उडती नौका, हे समीकरण त्या दशकात जवळजवळ सर्वमान्य झाले होते.

मग महायुद्ध आले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच भूमध्यसमुद्राचा मार्ग बंद पडला आणि इंग्लंडशी थेट संबंध तुटला. तेव्हा पूर्वेकडे राहिलेल्या नौकांनी दक्षिण आफ्रिकेतील दरबानपासून कैरो, कराची, कलकत्ता, सिंगापूर अशी सिडनीपर्यंतची नवी माळ ओवली. नकाशावर तिचा आकार घोड्याच्या नालेसारखा दिसे, म्हणून तिला ‘नालेचा मार्ग’ असे नाव पडले. हिंदुस्थानातील ठाणी या नालेच्या ऐन मध्यावर होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि नालेची पूर्वेकडील बाजू तुटली; कलकत्ता हे तिचे टोक झाले. ‘कोरिओ’ ३० जानेवारीस तिमोर बेटाजवळ जपानी लढाऊ विमानांनी पाडली. ‘सर्सी’ २८ फेब्रुवारीस जावाच्या दक्षिणेस गेली. आणि ३ मार्चला ऑस्ट्रेलियातील ब्रूम बंदरात नांगरून ठेवलेल्या उडत्या नौका जपानी माऱ्यात एकामागून एक जळाल्या. त्यांच्यात जावाहून सुटून आलेली बायकामुले होती.

तथापि उडत्या नौकांचा खरा पराभव शत्रूच्या गोळ्यांनी केला नाही. तो केला काँक्रीटने. युद्धाच्या पाच-सहा वर्षांत अवजड बाँबफेकी विमानांसाठी जगभर पक्क्या धावपट्ट्या बांधण्यात आल्या. जो खर्च शांततेच्या काळात कोणत्याही सरकारला परवडत नव्हता, तो युद्धाने निमूटपणे करविला. हिंदुस्थानातही अशा धावपट्ट्या ठिकठिकाणी झाल्या. ग्वाल्हेरजवळ महाराजपूर येथे याच काळात हवाई तळ उभा राहिला. एकाच शहराच्या आसमंतात जुने उत्तर आणि नवे उत्तर शेजारी शेजारी नांदू लागले : एकीकडे पाणी, दुसरीकडे धावपट्टी. त्या दोहोंपैकी कोण टिकणार, हे ठरावयास फार वेळ लागला नाही.

जमिनीवरच्या विमानाला जहाजाचा तळ वागवावा लागत नाही. त्यामुळे त्याचे अंग सडपातळ राहते, हवेचा अडथळा कमी होतो आणि तेवढ्याच इंधनात ते अधिक वेगाने अधिक दूर जाते. ते रात्रीही उतरू शकते. त्याला खाऱ्या पाण्याने गंज चढत नाही, होड्यांचा ताफा पोसावा लागत नाही. युद्ध संपल्यावर ही गणिते स्पष्ट झाली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघाले ते जमिनीवरूनच. कैरो आणि जिनीव्हा एवढेच थांबे घेऊन. जेथे पूर्वी अनेक ठाणी लागत, तेथे दोन पुरेशी झाली. अशा हिशेबात ग्वाल्हेर, राजसमंद यांसारख्या मधल्या थांब्यांना जागाच उरली नाही. इंपीरियल एअरवेजची वारसदार असलेल्या ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनने नोव्हेंबर १९५० मध्ये उडत्या नौकांची आपली अखेरची सेवा बंद केली.

तरीही काहींची श्रद्धा सुटली नव्हती. इंग्लंडमध्ये ‘प्रिन्सेस’ नावाच्या, दहा इंजिनांच्या आणि २१९ फूट पंखविस्ताराच्या तीन महानौका बांधण्यात आल्या. त्यांतील एकच उडाली, २२ ऑगस्ट १९५२ रोजी. उरलेल्या दोघींनी आकाश पाहिलेच नाही. विकत घेणारी कंपनी कोणी नव्हती. वर्षानुवर्षे झाकून ठेवल्यानंतर १९६७ पर्यंत तिन्ही मोडीत निघाल्या. कारागिरीत कोठेही उणीव नव्हती; परंतु ज्या प्रश्नाचे त्या उत्तर होत्या, तो प्रश्नच नाहीसा झाला होता.

आणि त्या मूळच्या नौकांचे काय झाले? त्या जातीच्या एकूण बेचाळीस नौका बांधल्या गेल्या. काही अपघातांत गेल्या, काही युद्धात. आणि ज्या उरल्या त्या १९४७ च्या सुमारास भंगारात तोडण्यात आल्या. अग्रनौका ‘कॅनोपस’ हिचीही गत तीच झाली. आज जगात त्यांपैकी एकही अस्तित्वात नाही. पॅन अमेरिकनच्या मार्गांवर गाजलेल्या बाराही बोइंग नौका नाहीशा झाल्या. युद्धोत्तर काळातील त्यांच्या काही धाकट्या बहिणी मात्र साउदॅम्प्टन, ऑकलंड आणि ओकलंड येथील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. वस्तू रोजच्या वापरात असते तोवर तिचे जतन करावे असे कोणास वाटत नाही. आणि वाटू लागते तेव्हा ती उरलेली नसते.

पाण्यावरून उडणारी विमाने मात्र पूर्णपणे नामशेष झाली नाहीत. वणवे विझविण्यासाठी तलावातून धावता धावता पाणी भरून घेणारी विमाने, भरसमुद्रात संकटग्रस्तांना सोडविणारी जपानची विमाने, बेटाबेटांमधून फिरणारी छोटी तरंडी विमाने आजही आपापले काम करीत आहेत. भारतात ३१ ऑक्टोबर २०२० रोजी अहमदाबादेत साबरमतीवरून केवडियापर्यंत तरंडी विमानाची सेवा सुरू झाली होती; परंतु काही महिन्यांतच, २०२१ मध्ये, ती थांबली. जेथे पाण्याशिवाय दुसरी धावपट्टी नाही तेथेच पाण्यावरचे विमान टिकते, हा जुना नियम अद्यापि बदललेला नाही.

आज ग्वाल्हेरचे प्रवासी विमान महाराजपूरच्या धावपट्टीवर उतरते आणि त्याच तळावरून वायुदलाची मिराज विमाने झेपावतात. तिघऱ्याचे पाणी शहराच्या नळांना येते. साउदॅम्प्टन-सिडनी मार्गाची खूण म्हणून दाखवावे असे पाण्यावर काही राहात नाही; पाण्याचा तो स्वभावच नव्हे. परंतु या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट निश्चित होते. ती ठाणी आली आणि गेली. मार्ग आखले गेले आणि पुसले गेले. ज्या पाण्याने ग्वाल्हेरला काही काळ जगाच्या नकाशावर नेऊन बसविले, ते मुळात विमानांसाठी साठविलेलेच नव्हते. ते शेतासाठी आणि घागरीसाठी साठविले होते. आणि त्या दोन्ही गरजा अजून कायम असल्यामुळे ते काम आजही चालू आहे.